चिडलेल्या खेळाडूंची कला

बेथेस्डा कंपनीने २२ एप्रिल २०२५ रोजी ‘ऑब्लिव्हियन’ या आपल्या जुन्या संगणक खेळाची रंगरंगोटी केलेली नवी आवृत्ती विकायला काढली आणि सोबत सांगून टाकलं, की या आवृत्तीत मॉड्सना, म्हणजे खेळाडूंनी स्वतः खेळात केलेल्या फेरफारांना, अधिकृत पाठिंबा नाही. हत्यारं मिळणार नाहीत. ज्याला काही करायचं असेल त्याने आपल्या जबाबदारीवर करावं. झालं काय? पहिल्याच दिवशी नेक्सस मॉड्स या संकेतस्थळावर या खेळाचे मॉड येऊन पडायला लागले. वरचं देखणं चित्र अनरियल ५चं असलं तरी आत २००६चंच इंजिन धडधडतंय, हे जाणत्यांनी लगेच हेरलं आणि मूळ खेळाच्या काळातलं कन्स्ट्रक्शन सेट हे मॉड घडवायचं हत्यार धूळ झटकून पुन्हा कामाला जुंपलं.

आता याच कंपनीचा ‘स्टारफील्ड’ आठवा. सप्टेंबर २०२३मध्ये आलेला, हजारावर ग्रहांचा बडेजाव मिरवणारा. जून २०२४मध्ये त्याला क्रिएशन किट हे अधिकृत हत्यार मिळालं, मॉड लावायची सोय खेळाच्या आतच आली, आणि ज्यांना विकायचे त्यांच्यासाठी दुकानही थाटून मिळालं. मॉड आले, नाही असं नाही. पण याच कंपनीच्या ‘स्कायरिम’ला दशकभर लाभलेलं वेड इथे दिसलं नाही. किट यायच्या कितीतरी आधी, ऑक्टोबर २०२३मध्ये, ‘स्कायरिम टुगेदर’ या गाजलेल्या मॉडच्या गटातल्या एका प्रोग्रॅमरने ‘स्टारफील्ड’साठी सत्तर टक्के आणून ठेवलेलं काम सोडून दिलं. कारणही आडपडदा न ठेवता सांगितलं: खेळच कंटाळवाणा आहे.

कंपनी एकच, मॉडर्सची जमातही बरीचशी तीच. एकीकडे दार बंद आणि आत गर्दी. दुसरीकडे पायघड्या घातलेल्या आणि पाहुण्यांचा उत्साह बेताचाच. तरीही उद्योगातल्या परिषदांपासून यूट्यूबवरच्या पंडितांपर्यंत सगळे अजून एकच पोथी वाचतायत: खेळाडूंना सोपी हत्यारं द्या, दोन पैसे मिळवायची सोय द्या, मॉड आपोआप होतील. ही पोथी ऐकून आता वैताग आलाय, म्हणून हा लेख.

खेळाडूला मॉड करावासा का वाटतो, या प्रश्नावर अभ्यासकांनी काही कमी लिहिलेलं नाही. फिनलंडच्या ओल्ली सोतामा यांनी ‘ऑपरेशन फ्लॅशपॉइंट’च्या मॉडर्सशी बोलून २०१०मध्ये प्रेरणांची यादी मांडली: खेळण्याचा आनंद, हॅकिंगची हौस, अभ्यासाची खोड, कलात्मक अभिव्यक्ती आणि सहकार्य. यादी खोटी नाही. पण ती इतकी सभ्य आहे, की एखाद्या छंदवर्गाच्या माहितीपत्रकात शोभावी. तिच्यात राग नाही. आणि मॉडिंगचा चाळीस वर्षांचा इतिहास मला जसा दिसतो त्यात सगळ्यात मोठी, सगळ्यात सर्जक शक्ती हीच आहे: आवडत्या खेळावरचा राग. खेळ नुसता आवडला, की माणूस खेळत बसतो. नुसता खटकला, की काढून टाकतो. पण जो खेळ मनापासून आवडतो आणि ज्यातली एखादी गोष्ट रोज खटकते, तो खेळ माणसाला झोपू देत नाही. प्रेम आणि चीड एकाच डोक्यात एकाच वेळी असल्याशिवाय मॉड जन्माला येत नाही.

ही चीड तिच्या शुद्ध रूपात पाहायची तर डागडुजीच्या मॉड्सकडे जायला हवं. समीक्षक या मॉड्सना कायम मागच्या रांगेत बसवतात, कारण त्यांत नवं राज्य नसतं, नवी कथा नसते, स्क्रीनशॉट काढून मिरवावं असं काही नसतं. माझ्या मते मात्र या कलेचं अभिजात वाङ्मय तेच आहे.

‘व्हँपायर: द मास्करेड – ब्लडलाइन्स’चं उदाहरण घ्या. नोव्हेंबर २००४मध्ये ‘हाफ-लाइफ २’च्याच दिवशी हा खेळ बाजारात आला, अर्धाकच्चा, ठेचकाळत. काही महिन्यांत त्याची कंपनी ट्रॉइकाच बुडाली. पॅच काढायला कुणी उरलं नाही. मग वेर्नर श्पाल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते काम अंगावर घेतलं आणि दोन दशकं तो ते करत राहिला. आधी बिघाड काढले, मग कापून टाकलेले संवाद आणि जागा फाइलींच्या तळातून वर आणल्या. आज कुणी ‘ब्लडलाइन्स’ खेळतो म्हणजे जवळजवळ खात्रीने श्पाल यांचा ‘ब्लडलाइन्स’ खेळतो. ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक २’चंही तसंच. घाईघाईत २००४च्या अखेरीला ढकललेल्या या खेळाचा शेवट कापला गेला होता. तो चाहत्यांनी जोडून दिला. पुढे अ‍ॅस्पायर कंपनीने निन्टेन्डो स्विचवर हाच चाहत्यांनी वाचवलेला भाग अधिकृतपणे देऊ असं जाहीर केलं, आणि जून २०२३मध्ये शब्द फिरवला. फुकट काम करणाऱ्यांना जमलं ते परवाना हातात असलेल्यांना जमलं नाही.

‘डार्क सोल्स’ २०१२मध्ये पीसीवर आला तेव्हा त्याचं चित्र आतून १०२४ बाय ७२० ठिपक्यांवर बांधून ठेवलेलं होतं. पडदा कितीही मोठा असो, दिसायचं धुरकटच. पीटर थोमान ऊर्फ दुरान्ते यांनी खेळ हातात येताच त्याच दिवशी ‘डीएसफिक्स’ काढला आणि ते कुलूप तोडलं. ‘एलियन्स: कलोनियल मरीन्स’ची गोष्ट याहून गमतीची. २०१३मध्ये आलेल्या या खेळातले राक्षस इतके बावळट होते, की खेळाची हेटाळणी झाली. काही वर्षांनी एका मॉडरला सेटिंगच्या फाइलीत ‘टेदर’ या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये एक जादा ‘ए’ सापडला. ते अक्षर खोडलं आणि राक्षस शहाणे झाले. ‘जीटीए ऑनलाइन’ वर्षानुवर्षं मिनिटामागून मिनिटं लोड होत बसायचा. लोक चहा करून आणायचे, कंपनी पैसे मोजत होती. २०२१मध्ये टोपणनावाने वावरणाऱ्या एका प्रोग्रॅमरने आत डोकावून पाहिलं. दुकानातल्या सुमारे ६३,००० वस्तूंची यादी असलेली दहा एमबीची फाइल खेळ इतक्या खुळ्या पद्धतीने वाचत होता, की बहुतेक वेळ तिथेच जात होता. त्याने ती वाचण्याची पद्धत बदलली आणि वेळ सत्तर टक्के घटला. खेळाच्या रॉकस्टार कंपनीने मान्य केलं, अधिकृत दुरुस्ती काढली, त्याला दहा हजार डॉलर दिले.

या माणसांना कुणी हत्यारं दिली होती? कुणाला दुकान उघडून हवं होतं? दहा हजार डॉलर मिळाले ते काम झाल्यावर. त्यांच्यापाशी होती फक्त ‘हे असं कसं चालतं?’ ही तिडीक, आणि फाइल उघडून पाहण्याइतकी मोकळीक.

बाकीच्या प्रवाहांबद्दल थोडक्यात. ‘स्कायरिम’च्या दगडाधोंड्यांवर फोर-के कातडं चढवणारे मॉड म्हणजे कारागिरी, कला नव्हे. ड्रॅगनच्या जागी थॉमस नावाचं आगगाडीचं इंजिन उडवणारा मॉड एकदा हसवतो. कपडे उतरवणाऱ्या मॉड्सबद्दल न बोललेलं बरं. आणि ‘एन्डेराल’ किंवा ‘फॉलआउट: लंडन’सारखे आख्खे नवे खेळ उभे करणारे महाकाय प्रकल्प? आदर आहे; पण त्यांतल्या बऱ्याच जणांना मुळात स्वतःचा खेळ काढायचा असतो, मॉड ही त्यांची उमेदवारी असते. निक पिअर्स यांच्या ‘द फरगॉटन सिटी’ने २०१५ ते २०२१ या काळात मॉडपासून स्वतंत्र खेळापर्यंतचा तो प्रवास सचोटीने पुरा केला. छान. पण तो दुसऱ्या कलेचा इतिहास आहे.

‘डूम’, ‘काउंटर-स्ट्राइक’, ‘डोटा’ ही त्रिमूर्ती तर प्रत्येक लेखात पुजली जाते, आणि चुकीच्या मंत्रांनी. सांगतात असं, की आयडी सॉफ्टवेअरने उदारपणे १९९३मध्ये ‘डूम’चा ऐवज वॅड फाइलींत वेगळा ठेवला म्हणून मॉडिंग फोफावलं. उलट आहे. ‘वोल्फेनस्टाइन थ्रीडी’मध्ये खेळाडूंनी आधीच घुसखोरी केलेली होती, जॉन कारमॅक यांनी ती पाहिली आणि पुढच्या खेळात दार ठेवलं. त्याच्या दहा वर्षं आधी, १९८३मध्ये, अ‍ॅपल टूवरच्या ‘कॅसल वोल्फेनस्टाइन’मधल्या नाझींच्या जागी स्मर्फ घालणाऱ्या पोरांना कुणी किट दिलं नव्हतं. ‘माइनक्राफ्ट’मध्येही हाच क्रम. गुंतागुंत करून ठेवलेला त्याचा कोड चाहत्यांनी वर्षानुवर्षं स्वतः उलगडला. खेळ बनवणाऱ्या मोजांगने त्याची किल्ली प्रसिद्ध केली ती २०१९मध्ये. आधी लोक भिंत चढतात, मग शहाणा मालक तिथे जिना बांधतो. जिना बांधला म्हणून लोक चढले, हा मालकाने नंतर लिहिलेला इतिहास.

‘काउंटर-स्ट्राइक’चे मिन्ह ले आणि जेस क्लिफ यांनी १९९९च्या जूनमध्ये पहिला बीटा सोडला तेव्हा ‘हाफ-लाइफ’ बनवणाऱ्या व्हॉल्व्हची नोकरी त्यांच्या पदरात नव्हती. ‘हाफ-लाइफ’ची बंदूक हातात घेऊन परग्रहवासीयांऐवजी अतिरेक्यांशी लढायचं होतं, तसा खेळ कुणी देत नव्हतं, म्हणून केला. व्हॉल्व्हने तो डब्यात घालून विकला २०००च्या नोव्हेंबरात. नोकरी हे फळ होतं. फळाला बी समजण्याची चूक गेली पंचवीस वर्षं चालू आहे.

आता आपल्याकडे येऊ. कारण ज्या खेळाने माझं हे मत पक्कं केलं तो अमेरिकेतल्या परिषदांत कुणी उच्चारतही नाही, आणि महाराष्ट्रातल्या तिशीतल्या अर्ध्या मंडळींच्या बोटांना तो अजून पाठ आहे: ईए स्पोर्ट्सचा ‘क्रिकेट ०७’.

हा खेळ २००६च्या नोव्हेंबरात आला. बनवला कॅनडातल्या एचबी स्टुडिओजने, निमित्त अ‍ॅशेसचं. भारतीय संघाचा परवाना नव्हता, म्हणून आपल्या खेळाडूंची नावं मोडतोड करून घातलेली. ज्या देशात क्रिकेटचं वेड सगळ्यात मोठं, त्या देशाचा संघ या खेळात जणू टोपणनावाने वावरत होता. पहिले पॅच निघाले ते या अपमानातून. आधी रोस्टरची, म्हणजे संघयादीची, फाइल उघडून नावं दुरुस्त झाली. मग कपडे. मग बॅटवरचे स्टिकर, कारण एमआरएफची बॅट ज्याच्या हातात हवी त्याच्या हातात नसेल तर तो सचिन कसला?

मग इतिहासाने चाहत्यांना मोठा धक्का दिला. २००७च्या सप्टेंबरात भारताने ट्वेन्टी-२० विश्वचषक जिंकला, २००८च्या एप्रिलमध्ये आयपीएल सुरू झाली, आणि ईएने मात्र संगणकासाठी क्रिकेटचा पुढचा खेळ काढलाच नाही. जगातली सगळ्यात झगमगती क्रिकेट स्पर्धा सुरू झाली आणि सगळ्यात लाडक्या क्रिकेट खेळात तिचं नावही नव्हतं. ही पोकळी कुणी भरली? प्लॅनेट क्रिकेट या चर्चामंचावर जमणाऱ्या, भारत-पाकिस्तान-बांगलादेश-श्रीलंकेतल्या पोरांनी. खेळात संघ वाढवता येत नव्हते, तर त्यांनी इंग्लिश काउंटी आणि ऑस्ट्रेलियन राज्यसंघांच्या जागी मुंबई, चेन्नई, कोलकाता बसवले. ईएच्या ‘बिग’ आणि ‘एफएसएच’ या फाइली उघडायची कुठलीही अधिकृत सोय नव्हती. फोडायची हत्यारं लोकांनी स्वतः बनवली, एकमेकांना दिली. टीव्हीवर दिसतो तसा धावफलक हवा म्हणून ओव्हरले आले. फटक्यांचा तोचतोपणा टोचला म्हणून स्ट्रोक पॅच आले. चेहरे, हेल्मेट, स्टंप, सीमारेषेवरच्या जाहिराती. २०११च्या विश्वचषकासाठी वानखेडेचं रूप पालटलं, तर पॅचमधलं वानखेडेही पालटलं.

आणि हे एकदा नाही, दर हंगामाला. लिलाव झाला, की रोस्टर बदलायचं. जर्सी जाहीर झाली, की रंग बदलायचे. खेळ २००६चा, समालोचन मार्क निकोलस आणि रिची बेनो यांचं. बेनो २०१५मध्ये गेले. त्यांच्या आवाजात लोक अजून नवनवे हंगाम खेळतायत. आयपीएलमधल्या वैभव सूर्यवंशीचा जन्म २०११चा. म्हणजे ज्या खेळात त्याला घालायचं तो खेळ त्याच्यापेक्षा वयाने मोठा! कंपनीने ज्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही असा खेळ इतकी वर्षं दरसाल ताजा राहतो, याला जोड दुसऱ्या कुठल्या कलेत शोधायची मला सुचत नाही.

मान्य करायला हवं, की यातल्या बहुतेकांच्या हातातली सीडी लॅमिंग्टन रोडवरच्या किंवा गावोगावच्या कॅफेतल्या नकलांची नक्कल होती. पण मुद्दा नैतिकतेचा नाही, कारणाचा आहे. पैसा नव्हता, परवाना नव्हता, हत्यारं नव्हती, नोकरीची आशा तर मुळीच नव्हती. होतं एवढंच, की खेळ जिवापाड आवडत होता आणि त्यात आपण नव्हतो.

‘आपण त्यात नाही’ ही चीड आजही जिवंत आहे आणि ती आता मोबाइलवर गेलीय. इंडोनेशियाच्या मालेओ कंपनीने २०१७मध्ये ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ काढला. पोरं त्याला ‘बसिड’ म्हणतात. रस्ते जावाचे, शहरं जकार्ता-सुरबाया, हॉर्न तिथल्या पोरांच्या आवडीचा ‘तेलोलेत’. पण मालेओने दोन गोष्टी खुल्या सोडल्या: बसवरचं रंगकाम आणि पुढे बसचं आख्खं त्रिमितीय रूपही. केरळच्या पोरांनी आपल्या टुरिस्ट बस आणल्या, कर्नाटकाने केएसआरटीसी आणली आणि महाराष्ट्राने एसटी. वाहतूक इंडोनेशियातही डावीकडून चालते, त्यामुळे लाल परी सुरबायाच्या रस्त्यावरून निघाली, की क्षणभर कुठलं सोलापूर आणि कुठलं सोलो असं होऊन जातं.

या बसची समीक्षा कुणी करत नाही, म्हणून मी करतो. चांगला एसटी मॉड लाल रंगावरून ओळखायचा नसतो. लाल रंग कुणीही फासेल. पाहायची ती नंबरपाटी. एसटीच्या भक्ताला ठाऊक असतं, की दापोडीच्या कार्यशाळेतून निघालेली गाडी एमएच १४, चिकलठाण्याची एमएच २०, हिंगण्याची एमएच ४०, आणि तिन्हींच्या बांधणीत बारीक फरक. ज्या मॉडमध्ये बांधणी चिकलठाण्याची आणि पाटी दापोडीची, तो करणारा एसटीत नीट बसलेला नाही. मग पाहायची टपावर जायची मागची शिडी, खिडक्यांच्या आडव्या दांड्या, पुढच्या काचेतली गावाच्या नावाची पाटी आणि तीवरचं ‘मार्गे’. शिवशाहीचे मॉड मला बहुधा निर्जीव वाटतात. वातानुकूलित गाडी काचेसारखी गुळगुळीत, तिथे कारागिराला पकडायला कंगोरा नाही. जुन्या परिवर्तन बसच्या मॉडमध्ये मात्र पत्र्याचा पोचा दाखवणारा कलावंत भेटतो. ज्याने पोचा काढला त्याने बस पाहिलीय. हे फोटोरिअ‍ॅलिझमच्या पलीकडचं काम आहे, आणि ते करणारा बहुधा आठ-दहा हजारांच्या फोनवर खेळणारा पोरगा असतो.

या दुनियेतली घाण मी लपवत नाही. दुसऱ्याचं मॉडेल उचलून स्वतःचं नाव लावणारे आहेत. झिप फाइलीला पासवर्ड लावून तो व्हिडिओच्या पोटात दडवणारे, डाउनलोडच्या वाटेवर सतरा जाहिराती पेरणारे आहेत. पण ही घाण कुठून आली ते पाहा. जिथे मॉड हे ‘व्ह्यूज’चं साधन झालं तिथेच ती साचली. ज्याला फक्त आपली एसटी बघायची होती त्याने पासवर्ड लावला नव्हता.

आणि इथे मोठ्या कंपन्यांशी माझं भांडण सुरू होतं. कारण गल्लीतल्या पोराने जे चोरून केलं ते त्यांनी करारपत्र करून केलं. २३ एप्रिल २०१५ रोजी व्हॉल्व्ह आणि बेथेस्डाने ‘स्कायरिम’चे मॉड स्टीम या व्हॉल्व्हच्या दुकानात विकायला काढले. वाटणी अशी: व्हॉल्व्हला ३० टक्के, बेथेस्डाला ४५, आणि ज्याने रात्री जागवल्या त्याला २५. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. पण वाटणीपेक्षा बोलकं होतं ते पहिल्याच दिवशी मासेमारीच्या एका मॉडचं झालं ते. तो विकायला ठेवला, आणि त्यातल्या हालचाली दुसऱ्याच एका मॉडरच्या फुकट कामावर उभ्या आहेत असं निघालं. मॉड मागे घ्यावा लागला. मॉड असाच असतो: एकाच्या खांद्यावर दुसरा, दुसऱ्याच्या खांद्यावर तिसरा. त्यातल्या एकाला किमतीची चिठ्ठी लावली, की बाकीचे खांदे काढून घेतात. चार दिवसांनी, २७ एप्रिलला, दुकान बंद झालं. पण दुकानदाराने धडा घेतला नाही. २०१७मध्ये ते ‘क्रिएशन क्लब’ नावाने उघडलं, २०२३च्या डिसेंबरात ‘क्रिएशन्स’ नावाने, आणि मग ‘स्टारफील्ड’मध्ये.

ब्लिझार्डने तर कमाल केली. ‘डोटा’ त्यांच्या ‘वॉरक्राफ्ट थ्री’च्या नकाशातून उगवला आणि पैसा दुसऱ्यांनी केला, हे शल्य त्यांना सलत राहिलं. जानेवारी २०२०मध्ये त्याच खेळाची नवी आवृत्ती ‘रिफोर्ज्ड’ काढताना त्यांनी अट घातली, की या खेळात कुणीही जे काही घडवेल त्याची मालकी ब्लिझार्डची, लेखकाचा नैतिक हक्कसुद्धा सोडायचा. पुढचा ‘डोटा’ आपल्या तिजोरीत जन्मावा म्हणून केलेली ही व्यवस्था. पुढचा ‘डोटा’ तिथे जन्मला नाही, आणि यात कुणाला नवल वाटायचं कारण नाही. रॉकस्टारची मालक कंपनी टेक-टूने २०१७च्या जूनमध्ये ‘ओपनआयव्ही’ या ‘जीटीए’च्या मॉड्सचा कणा असलेल्या साधनाला नोटीस धाडली, खेळाडूंनी स्टीमवर निंदेचा पाऊस पाडला तेव्हा माघार घेतली. २०२३च्या ऑगस्टमध्ये त्यांच्याच रॉकस्टारने ‘फाइव्हएम’ हे ‘जीटीए’चंच मॉड-साधन बनवणाऱ्यांना विकत घेतलं. आधी काठी, मग थैली, उद्देश एकच.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो फालतू नाही. मॉडर्सनी फुकट का राबावं? खेळणं आणि राबणं यांच्या सरमिसळीतून कंपन्या फुकटचा नफा काढतात हे अभ्यासक जुलियन क्युक्लिश यांनी २००५मध्येच सांगितलंय. ‘क्रिकेट ०७’चा आणि ‘स्कायरिम’चा जीव खेळाडूंनी टिकवला, मग त्यांना मोबदला नको? हवा. देणगी द्या, काम आवडलं तर नोकरी द्या, ‘जीटीए’च्या त्या प्रोग्रॅमरसारखं बक्षीस द्या, आणि मुख्य म्हणजे नाव द्या. पण झालेल्या कामाचा मोबदला देणं वेगळं आणि मोबदल्याचं आमिष दाखवून काम उगवेल म्हणणं वेगळं. पहिला न्याय आहे, दुसरा अडाणीपणा. दुकानासाठी केलेला मॉड दुकानात खपेल असाच होणार: नवी तलवार, नवं चिलखत, नवं घर. कापलेला शेवट जोडून देणारा, एक चुकीचं अक्षर खोडणारा, बसला पोचा काढणारा मॉड दुकानात मांडता येत नाही. म्हणजे ज्यासाठी ही कला आहे तेच नेमकं गाळणीतून खाली जातं.

भाड्याच्या घरात राहणारा माणूस भिंतीत खिळा ठोकतो त्या दिवशी ते घर थोडं त्याचं होतं. मॉड म्हणजे तो खिळा. मालकाने सांगितलं, की खिळे आमच्याच दुकानातून घ्या, आम्ही सांगू तिथेच ठोका आणि ठोकल्यावर ती तसबीर आमची, तर भाडेकरू ठोकायचा थांबतो. त्याची खिळ्याची हौस फिटलेली नसते. त्याला एवढं कळतं, की हे घर कधीच आपलं होणार नाही.

उलट उदाहरण हवं तर एरिक बरोन यांचा ‘स्टारड्यू व्हॅली’ बघा. एकट्या माणसाने केलेला खेळ. मॉडर्सनी ‘स्मापी’ हे साधन स्वतः उभं केलं, बरोन आड आले नाहीत. उलट मार्च २०२४च्या १.६ आवृत्तीत त्यांनी खेळाचा आतला बराच ऐवज मॉडर्सना सहज बदलता येईल असा करून ठेवला. दुकान नाही, मालकीचा करार नाही. मॉड्सची रीघ चालू आहे आणि खेळही खपतोय. कुणाचं नुकसान झालं?

राहता राहिले आपले भारतीय खेळ. नॉटिलस मोबाइलचा ‘रिअल क्रिकेट’ आणि चेन्नईच्या नेक्स्टवेव्हचा ‘वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप’ यांनी क्रिकेट फोनवर आणलं, कोट्यवधी हातांत दिलं, हे मोठं काम. पण आत बघाल तर सगळं कुलूपबंद. नवी जर्सी हवी? विकत घ्या. नवा खेळाडू? विकत घ्या किंवा वाट बघा. ज्या पोराने २००८मध्ये ‘क्रिकेट ०७’चं रोस्टर उघडून मुंबईचा संघ लिहिला, त्याच्या धाकट्या भावाला आज रोस्टर म्हणून काही फाइल असते हेच ठाऊक नाही. त्याला दाखवतात ते नाण्यांचं दुकान. चीड त्यालाही येते. ती कुठे ठेवायची ते कळत नाही, मग तो प्ले स्टोअरवर एक तारा देतो आणि दुसरा खेळ उतरवतो. एक आख्खी पिढी मॉडर व्हायच्या ऐवजी तक्रारदार होतेय. हे तिच्या आळसामुळे नाही. तिच्यापुढे फाइलच ठेवलेली नाही.

परवाने महाग असतात, फसवाफसवीचा धोका असतो, ऑनलाइन सामन्यांत गडबड होते, ही उत्तरं मला ठाऊक आहेत. ती ऑनलाइन सामन्यांपुरती खरी आहेत. एकट्याने खेळायच्या भागात रोस्टर, जर्सी, मैदान आणि समालोचनाच्या फाइली खुल्या ठेवायला कुणाचा परवाना लागतो? मालेओला लागला नाही.

म्हणून भारतीय खेळ बनवणाऱ्यांना एवढंच मागणं आहे. मॉडर्ससाठी स्पर्धा भरवू नका, बक्षिसं लावू नका, दुकान तर मुळीच उघडू नका. खेळ इतका चांगला करा, की लोक त्याच्यावर जीव टाकतील. त्यात काही ना काही खटकणारं राहीलच, त्याची चिंता तुम्हाला करायला नको. आणि फाइलींना कुलूप लावू नका. पुढचं काम चिडलेला खेळाडू करतो.